एक टीबी, पण जागा नाही

मुंजीचा व्हिडिओ फोटोग्राफरने पेनड्राइव्हवर दिला. फोर-के, चकाचक. साताऱ्याच्या मावशीला मात्र तो डीव्हीडीवर हवा. "ते बोटाएवढं काय देतोस? माझ्या प्लेअरला तबकडीच लागते." मावशीपुढे काय बोलणार!

विंडोज 7 मध्ये डीव्हीडी मेकर आयता मिळायचा. विंडोज 8 मध्ये तो गेलाच. मग माळ्यावरच्या खोक्यातून एक्सपीच्या जमान्यातलं सॉफ्टवेअर काढलं. हल्लीच्या लॅपटॉपला सीडीचं तोंडच नसतं, म्हणून बाहेरून जोडायचा रायटरही विकत घेतला.

इन्स्टॉलरने पहिल्याच खिडकीत बजावलं, डिस्कवर पुरेशी जागा नाही. एक टीबीची डिस्क, निम्म्याहून जास्त रिकामी! बरंच डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. हा बाबा मोकळी जागा 32 बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या 32 घरांत मोजतो, आणि त्यातलं एक घर उणे-अधिकच्या चिन्हाला. 2 जीबी ओलांडले की त्याचा हिशेब उणे होतो, 4 जीबीला पुन्हा शून्यावर येतो, आणि असंच पुढे. आमचा आकडा नेमका उण्यात पडला होता. उपाय काय, तर 2 जीबीची एक निरुपयोगी फाईल डिस्कवर टाकायची. टाकली. साहेब म्हणाले, आता भरपूर जागा आहे. गच्च एसटीत कंडक्टर आणखी दोघांना चढवतो आणि सगळे आपोआप नीट उभे राहतात, तसलाच हा प्रकार.

कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये, म्हणजे जुन्या विंडोजचं सोंग घेण्याच्या सोयीत, 'विंडोज एक्सपी' निवडल्यावर ते उघडलं एकदाचं. पण स्क्रीन इतका बारीक ठिपक्यांचा की 'नेक्स्ट'चं बटण मुंगीएवढं. मेनूत 'चि. सोहमची मुंज' लिहिलं, तर उमटलं '??. ?????? ????'. युनिकोडशी, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्यांच्या सामायिक संकेतांशी, त्याची ओळखच नव्हती. शेवटी अक्षरांचं चित्र करून चिकटवलं. मागे सजावटीला पर्याय दोनच: लग्नाची कबुतरं नाहीतर वाढदिवसाचे फुगे. बटूला फुगे दिले. कबुतरं दिली असती तर मावशीने स्थळंच आणली असती.

मग एमपेग-2 चं, म्हणजे डीव्हीडीला चालणाऱ्या व्हिडिओच्या साच्याचं दळण. फोर-केच्या एका चौकटीत 83 लाख ठिपके असतात, डीव्हीडीत 720 गुणिले 576, म्हणजे जेमतेम चार लाख पंधरा हजार. बाकीच्यांचं विसर्जन. बर्निंग सुरू झाल्यावर मी घरात कोणाला मिक्सरसुद्धा लावू दिला नाही. रायटरला त्याने काही होत नाही हे कळतं, पण 2004 साली ज्याने अर्ध्यात तबकड्या वाया जाताना पाहिल्यात, त्याला शास्त्र सांगू नये.

मावशीचा टीव्ही जुना, चौकोनी. प्लेअर मात्र रुंद पडद्यासाठी सेट केलेला. परिणामी चित्र आडवं दाबलं गेलं आणि आमचं अख्खं खानदान उंच, सडपातळ झालं. सेटिंग कसं बदलायचं ते सांगायला मी फोन केला.

"काही बदलू नकोस," मावशी म्हणाली. "पैठणीत मी इतकी बारीक कधीच दिसले नव्हते. सगळ्या नणंदांना एकेक कॉपी काढून दे."