खुलासा : कासवाची अंडी फिरवू नका

कोकण किनाऱ्यावरच्या वेळास गावातल्या कासव महोत्सवाला जाणाऱ्यांसाठी नागपुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतोय: पिल्लू अंड्यात निपचित असतं, कोंबडीसारखी अंडी रोज फिरवली की ते हलू लागतं. हे साफ चूक आणि घातक आहे. अंडं घातल्यावर काही तासांतच गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या पडद्याला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं तर नाजूक पडदे फाटतात, गर्भ मरतो. म्हणून हॅचरीत (अंडी सुरक्षित उबवण्याच्या कुंपणात) अंडी लगेच नेतात, वरची बाजू वरच ठेवून. हालचाल आपोआप सुरू होते. आधी मान वाकते, वल्ह्यांसारखे पाय नंतर हलतात. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांत वाळूवर येतात. कवच त्याआधीच काही दिवस फुटलेलं असतं. तेव्हाही घरटं उकरू नये: उरलेला बलक पोटात ओढला जात असतो.