‘चिडवलं म्हणून कणखर झालो’: एका फॉरवर्डला उत्तर

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरू लागतो. ‘आमच्या वेळी टोपणनावं पडायची, टपल्या बसायच्या, कुणी समुपदेशक नव्हता. म्हणूनच आम्ही कणखर झालो. मुलांचं मुलांना मिटवू द्या. शाळेतलं शाळेत राहू द्या, उगाच गाव गोळा करू नका.’ खाली अंगठ्यांची रांग.

आधी कणखरपणाचं बघू. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ च्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांवर संशोधकांनी पुढची अनेक दशकं लक्ष ठेवलं. ती ७ आणि ११ वर्षांची असताना, त्यांना इतर मुलांचा त्रास होतो का, हे आईवडिलांना विचारलं होतं. त्यांतल्या ७,७७१ जणांवरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी वारंवार त्रास सोसलेल्यांमध्ये नैराश्य, चिंताविकार आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळले. पन्नाशीला पैशाची ओढाताण जास्त, जवळची माणसं कमी. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यांक हिशेबात धरूनही हा फरक उरलाच. शिवाय मेसेजला अंगठा देणारे कोण? जे टिकले ते. सातवीत शाळा सोडलेला ‘तोतऱ्या’ त्या ग्रुपवर नाही.

‘मुलांचं मुलांना मिटवू द्या’ यात मात्र थोडं तथ्य आहे. बरोबरीच्या दोघांचं भांडण असेल तर मोठ्यांनी खरंच लांब राहावं. पण नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयुस यांनी दादागिरीच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं आणि ताकद एकाच बाजूला असलेलं. अशा जोडीला ‘तुमचं तुम्ही मिटवा’ म्हणणं म्हणजे निकाल आधीच लावून टाकणं. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर केलेल्या चित्रीकरणाचा अभ्यास २००१ मध्ये आला. असे प्रसंग घडत असताना दहातल्या जवळपास नऊ वेळा भोवती इतर मुलं होती. त्यांच्यातलं कुणी मध्ये पडलं ते १९ टक्के वेळा. आणि पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. म्हणजे मुलं मिटवू शकतात, पण ती भोवतीची मुलं. शाळांमधली दादागिरी रोखणारा फिनलंडचा ‘किवा’ कार्यक्रम याच बघ्यांवर काम करतो. आपल्याकडे मात्र मध्ये पडणाऱ्याला घरून ऐकावं लागतं, ‘तुला काय करायचंय?’

राहिलं ‘शाळेतलं शाळेत’. ते शाळेत असतं कुठे? रिक्षात रोज कोणाला कडेला लटकवतात, कोणाचा डबा उघडायच्या आधीच संपतो, हे रिक्षाकाकांना वर्गशिक्षिकेच्या आधी कळतं. एसटी स्टँडवरचा टपरीवाला, क्लासचे सर, वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी, सगळे बघत असतात. त्यांना विचारत कुणी नाही. शिवाय ‘काळू’, ‘जाड्या’ किंवा जातीवरून मारलेला टोमणा मुलाने वर्गात शोधून काढलेला नसतो. तो ओसरीवर, सोसायटीच्या कट्ट्यावर ऐकलेला असतो. जपानने २०१३ मध्ये शाळेतल्या दादागिरीविषयी स्वतंत्र कायदा केला, त्यात पालक आणि स्थानिक समाजालाही धरलंय. आपल्याकडे चौकट तयार आहे: शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि निम्म्या सदस्य महिला हव्यात. पण बैठकीत पोषण आहार, गणवेश आणि सह्या यांच्यापुढे विषय गेला तर नवल. तिथे एकदा रिक्षाकाकांना बोलवा की.

‘गाव गोळा करू नका’ यामागची भीती मला खोटी वाटत नाही. दोन्हीकडचे पालक शाळेच्या फाटकावर हमरीतुमरीवर येतात, कुणी व्हिडिओ काढतो, नववीतला पोरगा ‘गुंड’ म्हणून तालुकाभर गाजतो. हा लोकसहभाग नव्हे, ही पंचायत. त्रास देणाऱ्या मुलाला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं करणंही तसलंच. दोघांना समोर आणून ‘चला, हात मिळवा’ म्हणणं तर सर्वांत सोयीचं आणि सर्वांत वाईट, कारण त्या हात मिळवण्याची वसुली दुबळ्याकडून मधल्या सुट्टीत होते. दोघांशी वेगवेगळं बोलायचं, काय ठरलं ते लिहून ठेवायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचं. शाळेबाहेरच्या ज्या माणसाला तो प्रकार दिसतो त्याला, कुणाचं नाव न गाजवता, लक्ष ठेवायला सांगायचं. आणि मूल घरीही सांगू शकत नसेल, तर १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक त्याला पाठ असू द्यावा.