सुरक्षा सर्वांची, बोट ज्याचं त्याचं

तुमच्या कारखान्यात 'सुरक्षेची संस्कृती' रुजली पाहिजे, असं ज्या मोठ्या कंपनीला तुम्ही माल पुरवता तिने कळवलेलं दिसतंय. त्यांचा ऑडिटर पुढच्या महिन्यात येणार. अभिनंदन! आता लगेच घाबरून सगळ्या पॉवर प्रेसना (पत्र्याला ठोक्याने आकार देणाऱ्या यंत्रांना) सेन्सर बसवायला धावू नका. सेन्सरला पैसे लागतात. संस्कृतीला फ्लेक्स पुरतो.

फ्लेक्सवर काय लिहायचं याचा फार विचार करायची गरज नाही. 'सुरक्षा ही प्रत्येकाची जबाबदारी' हे वाक्य चाकणपासून वाळूजपर्यंत आणि सातपूरपासून तारापूरपर्यंत प्रत्येक गेटवर लागलेलं आहे, आणि त्यामुळे आजवर एकाही मालकाचं नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही. फ्लेक्स मोठा घ्या. भिंतीवरचे उघडे वायरिंगचे बोर्डही त्यामागे झाकले जातात.

मुहूर्त ४ मार्चचा धरा. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली याच तारखेला स्थापन झाली आणि १९७२ पासून हा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शपथ असते. शपथ कामगारांनी घ्यायची, नारळ तुम्ही फोडायचा. यात गल्लत होऊ देऊ नका. चुकून तुम्हीही हात पुढे करून उभे राहिलात आणि कुणी फोटो काढला, तर उद्या कोर्टात तो तुमच्याविरुद्ध दाखवतील. शपथेला लागलेली दहा मिनिटं चहाच्या सुट्टीतून वळती करायला विसरू नका. प्रॉडक्शनचा आकडा शपथ घेत नाही.

एवढं झालं की खऱ्या कामाला लागायचं, म्हणजे जबाबदारी वाटायला. जबाबदारी सत्यनारायणाच्या प्रसादासारखी असते: समोर येईल त्याच्या हातावर ठेवायची, आणि घेणाऱ्याला नको म्हणता येत नाही. ऑपरेटरला द्या, हेल्परला द्या, झाडूवाल्या मावशींना द्या, गेटवरच्या वॉचमनलाही चमचाभर द्या. मात्र खर्चाची मंजुरी, मशीन बंद करायचा अधिकार आणि तासाचं टार्गेट ठरवायचा हक्क या गोष्टी देवासमोरच्या ताटात राहू द्या. त्या वाटायच्या नसतात.

हे सगळं शास्त्राला धरून आहे, काळजी नको. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ साली सांगून ठेवलं की ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे, आणि उरलेले २ टक्के टाळता न येण्यासारखे. हे आकडे मालकांच्या आणि विम्याच्या नोंदींतून आले होते, आणि अपघाताची नोंद लिहिणारा बहुधा सुपरवायझरच असायचा, हे वाचायच्या भानगडीत पडू नका. सुपरवायझरला विचारलं चूक कुणाची, तर तो काय सांगणार? तेच तुमचाही सुपरवायझर सांगेल. जवळपास शंभर वर्षं टिकलेला आकडा आहे. ट्रेनिंगच्या स्लाइडवर लाल रंगात टाका.

आता प्रेस शॉपकडे वळू, कारण बोटं तिथेच जातात.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून चांगली लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे ठोका पडताना दोन्ही हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेर असतात. कल्पना छान आहे. पण त्यात वेळ जातो: जॉब (म्हणजे ठोकायचा तुकडा) ठेवा, हात बाहेर काढा, दोन बटणं दाबा, पुन्हा हात आत. तुम्ही दिलेल्या टार्गेटच्या हिशेबात हे बसत नाही. तुम्ही काही बोलू नका, फक्त टार्गेट चढं ठेवा. आठ दिवसांत एक बटण ट्यूबच्या रबराने किंवा टेपने आपोआप दाबून बसवलेलं दिसेल. ते कुणी बांधलं हे कधीच विचारायचं नाही. विचारलंत तर उत्तर ऐकावं लागतं. शिफ्टचा आकडा पूर्ण झाला की बांधणाऱ्याच्या पाठीवर थाप मारा. बोट गेलं की त्यानेच बांधलं होतं म्हणून मेमो द्या. दोन्ही कामं एकाच सुपरवायझरने करावीत, म्हणजे शिस्तीत सातत्य राहतं.

प्रकाशाचा पडदा, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर, बसवणं भागच पडलं तर बसवा. त्याला बायपासची चावी असते. ती सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये, हजेरीपटाखाली ठेवा. ऑडिटरच्या दिवशी सेन्सर चालू. ऑडिटर स्वतः हात घालून प्रेस थांबते का ते बघेल, ती थांबेल, तो खूश होईल आणि तुमच्या कँटीनमध्ये श्रीखंड-पुरी जेवून जाईल.

तरीही अपघात होईलच. त्याची चौकशी नीट झाली पाहिजे. हल्ली 'व्हाय-व्हाय' करायची पद्धत आहे, पाच वेळा 'का' विचारून मुळाशी जायचं. पद्धत जपानी आहे आणि उत्तम आहे, पण कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. बोट का गेलं? डायमध्ये हात होता म्हणून. हात का होता? अडकलेला जॉब काढायला. चिमटा का वापरला नाही? निष्काळजीपणा. बस! इथेच थांबा, पेन खाली ठेवा. चौथा 'का' विचारलात तर चिमटा दिवाळीपासून स्टोअरमध्येच नाही असं निघेल. पाचवा विचारलात तर चिमट्यांची मागणी परचेसकडे पडून आहे आणि तिच्यावर 'पुढील तिमाहीत बघू' असा शेरा कुणीतरी मारलाय असं निघेल. शेऱ्याखालची सही ओळखीची असेल. मुळाशी जाण्यात हाच धोका असतो. उपाययोजनेच्या रकान्यात 'कामगाराला समज दिली व पुन्हा प्रशिक्षण दिले' असं लिहा. हे वाक्य आधीच छापून घेतलेले फॉर्म वापरले तर वेळ आणखी वाचेल.

इथे थोडं कायद्याचं ज्ञान उपयोगी पडतं. अपघातानंतर सलग ४८ तास किंवा त्याहून जास्त कामगार कामावर येऊ शकला नाही, तर सरकारला कळवावं लागतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमात हे होतं आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही आहे. म्हणजे ४७ तास तुमचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीची गाडी पाठवून त्याला घरून उचला. बँडेज बांधलेल्या हाताने तो प्रेस चालवू शकणार नाही हे मान्य, पण टाइम ऑफिसात खुर्चीवर बसू तर शकतो. त्याच्यासमोर एक रजिस्टर ठेवा. चहा द्या. माणुसकी म्हणून बिस्किटही द्या. गेटवरच्या 'अपघाताविना दिवस' या फलकावरचा आकडा त्यामुळे पुसावा लागत नाही, आणि त्या आकड्यावर तुमच्या मॅनेजरचा बोनस ठरतो.

त्याचं ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड काढलेलं असेलच असं नाही. घाबरू नका, ते अपघाताच्या दिवशीही निघतं; पुष्कळांचं तेव्हाच निघतं. नोकरीला लागल्याच्या आणि जायबंदी झाल्याच्या तारखेत फारसं अंतर नसेल तर 'नवखा होता' हे कारणही आपसूक मिळतं. ज्या दिवशी कार्ड, त्याच दिवशी बोट. योगायोगाला कायद्यात शिक्षा नाही.

बोटांचे दर तुम्हाला माहीत असावेत. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होतं, तेच आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय; त्यात कमावण्याची शक्ती किती टक्के गेली ते ठरवून दिलंय. अंगठा ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिचं एकच पेर गेलं तर ९. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. तक्ता इतका नीटनेटका आहे की वाचताना क्षणभर स्टोअरमधली दरपत्रिका चाळतोय असं वाटतं. ज्याची तर्जनी गेली त्याला गावाकडच्या घरी नांगर, मोबाइल, भाकरी यांतलं काय किती टक्के जमतं, याचा रकाना त्यात नाही. त्यामुळे तो तुमच्याही हिशेबात नसावा.

'नियर मिस' रजिस्टरबद्दल दोनच शब्द. थोडक्यात वाचलेले प्रसंग कामगारांनी त्यात लिहावेत अशी अपेक्षा असते. पहिल्यांदा जो लिहील त्याला केबिनमध्ये बोलावून 'तुझं लक्ष कुठे होतं?' एवढंच प्रेमाने विचारा. पुढे वर्षभर रजिस्टर कोरं राहील. कोरं रजिस्टर हा सुरक्षित कारखान्याचा पुरावा आहे.

सुरक्षा समितीही हवी. कामगारांचे प्रतिनिधी व्यवस्थापनाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत असं कायदा सांगतो. बसवा की सारखे! कामगारांच्या बाजूने अशी माणसं निवडा ज्यांच्या मुलाला पुढच्या वर्षी तुमच्याकडे चिकटवायचंय. ठेकेदाराच्या माणसांना घेऊ नका. कारखान्यातली सगळ्यात धोक्याची कामं तीच करतात, त्यामुळे त्यांना उगाच बारीकसारीक गोष्टी दिसतात. बैठकीचं इतिवृत्त मागच्या वेळचंच चालतं, तारीख तेवढी बदला. (एका कारखान्याच्या इतिवृत्तात सेवानिवृत्त झालेला सदस्य पुढे कितीतरी बैठकांना 'उपस्थित' होता. अशी निष्ठा आता दुर्मीळ झाली आहे.)

ही समिती कायद्यात आली कुठून, हे विचारायला गेलात तर उत्तर जरा अडचणीचं आहे. ती १९८७ च्या दुरुस्तीत आली आणि दुरुस्ती आली भोपाळमुळे. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होतं. ते थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. वायू धुऊन काढणारा स्क्रबर त्या वेळी चालू नव्हता. यांतला एकही निर्णय रात्रपाळीच्या ऑपरेटरने घेतला नव्हता. पुढे कंपनीने जगाला काय सांगितलं? एका नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडलं. हजारो माणसं मेली, आणि जबाबदारी घरंगळत घरंगळत एका पाण्याच्या नळीपाशी जाऊन थांबली. जून २०१० मध्ये खालच्या कोर्टाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि लगेच जामीनही दिला. अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन खटल्याला कधी उभेच राहिले नाहीत. २०१४ साली ते वारले. तेव्हा तुमच्या एका बोटाच्या चौकशीत 'निष्काळजीपणा' लिहिताना हात थरथरू देऊ नका. परंपरा मोठी आहे.

त्याच दुरुस्तीने घातक प्रक्रियेतल्या कामगाराला आणखी एक गोष्ट दिली: जिवाला धोका दिसला तर मालकाला तसं सांगायचा हक्क. सांगायचा! मशीन थांबवायचा नव्हे. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा आणि 'कोणीही, केव्हाही काम थांबवू शकतो' असा आकर्षक फलक खुशाल लावा. एखादा हेल्पर तो फलक खरा मानून रिॲक्टरचा दाब वाढतोय म्हणून लाइन थांबवेलच. त्याला तीन दिवसांनी, सावकाश, दुसऱ्या काही कारणाने स्क्रॅपयार्डात पाठवा. फलक तिथेच राहू द्या. यापुढे तो सगळे बरोबर वाचतील.

आणि अगदीच मोठं काही झालं, तर? तर घाई करू नका, वाट बघा. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, काचा दूरदूरपर्यंत फुटल्या, माणसं गेली, आणि धोकादायक कारखाने वस्तीतून हलवायची चर्चा सुरू झाली. मे २०२४ मध्ये त्याच एमआयडीसीत पुन्हा स्फोट झाला आणि धोकादायक कारखाने हलवायची चर्चा पुन्हा सुरू झाली. मधल्या आठ वर्षांत इमारती मात्र कारखान्यांच्या आणखी जवळ सरकल्या. जून २०२१ मध्ये मुळशीतल्या उरवड्याच्या कारखान्यात आग लागली, तेव्हा मेलेल्यांमध्ये बहुतेक बायका होत्या. समिती नेमली गेली. सगळीकडेच नेमली जाते. नव्या संहितेत तर निरीक्षकाच्या पदनामाला 'फॅसिलिटेटर' असं शेपूट लावलंय, म्हणजे येणारा माणूस निम्मा तपासायला आणि निम्मा मदतीला येणार. त्याच्या मदतीच्या निम्म्या भागाशी बोला.

एवढं सगळं मनापासून केलंत तर वर्षाअखेरीला कुठलं ना कुठलं सुरक्षा पारितोषिक मिळेलच. अर्ज भरला की बरीच मिळतात. स्मृतिचिन्ह रिसेप्शनला ठेवा आणि ग्रुप फोटो काढा. फोटोग्राफर सगळ्यांना अंगठा वर करायला सांगेल, त्यांना ती सवयच असते. पहिल्या रांगेत कुणाला बसवायचं ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. अकाउंट्सची आणि एचआरची माणसं बसवा. प्रेस शॉपवाल्यांना मागच्या रांगेत, हाताची घडी घालून उभं करा.