‘लिहायला शिकू नका’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. त्यातले दोन ग्रुप आमच्याच सांगलीतल्या पीएच.डी. करणाऱ्यांचे. मजकूर थोडक्यात असा: ‘रिसर्चचं लिखाण शिकण्यात वर्षं घालवू नका. एआय संदर्भांसकट आधीच्या संशोधनाचा सगळा आढावा लिहून देतो. साम्य १० टक्क्यांच्या आत ठेवा, यूजीसीसुद्धा काही करू शकत नाही. इंग्रजी कच्चं असेल तर मराठीत सांगा, पुढचं तो बघतो. एआयचं लिखाण पकडणारी सॉफ्टवेअर फेल आहेत, म्हणून कुणाला सांगायची गरज नाही. मुलाखतींची रेकॉर्डिंग टाका, निष्कर्ष तयार.’ खाली तळटीप: गाइडला फॉरवर्ड करू नये. मी गाइड आहे. असो.

आधी एक कबूल करतो, मी स्वतः एआय वापरतो. पत्रांचे मसुदे, इंग्रजीतल्या चुका, एखाद्या सांख्यिकी चाचणीची सोपी फोड, अशा कामांना. तेव्हा ‘सरांना नवं काही चालत नाही’ हे उत्तर कृपया ठेवून द्या.

‘संदर्भांसकट आढावा लिहून देतो’

देतो, आणि संदर्भ दिसतात अगदी खरे. माझा एक विद्यार्थी सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांवर, काम करतो. त्याच्या पहिल्या मसुद्यात एक संदर्भ होता: दोन लेखक, खरंखुरं नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठं. सगळं जागच्या जागी. नियतकालिकाचा तो अंक काढून पाहिला, तर ती पृष्ठं दुसऱ्याच एका लेखाच्या मधोमध पडत होती. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकला तर भलताच पेपर उघडला. लेखक खरे होते, पण त्यांनी हळदीवर काही लिहिलेलं सापडेना.

यात यंत्राची लबाडी नाही. कुठल्या शब्दांनंतर कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, यावर ते चालतं. संदर्भाचा साचा ठरलेला असतो, त्यामुळे साचा हुबेहूब उतरतो आणि आत माल नसतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले खटले कोर्टापुढे ठेवले आणि ५,००० डॉलर दंड भरला. आता काही साधनं आधी इंटरनेटवर शोधून मग लिहितात, म्हणून पेपर खरा निघतो. पण हे प्रकरण जास्त अवघड आहे, कारण पेपर असतो आणि त्यात ते विधान नसतं. ते कळायला पेपर वाचावाच लागतो. म्हणजे वाचवलेला वेळ तिथंच परत खर्ची पडतो.

‘१० टक्क्यांच्या आत असलं की झालं’

आकडा बरोबर आहे, अर्थ चुकीचा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंत साम्याला (आधीच्या लिखाणाशी जुळणाऱ्या मजकुराला) दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. पदवी मिळाल्यानंतर चोरी सिद्ध झाली तर ती पदवीही स्थगित होऊ शकते. पण त्याच नियमावलीत वाङ्मयचौर्याची व्याख्या आहे, आणि ती दुसऱ्याचं काम किंवा *कल्पना* आपली म्हणून दाखवण्याची आहे. सॉफ्टवेअर फक्त सारखे शब्द मोजतं. कल्पना उचलून शब्द बदलले तर रिपोर्ट ४ टक्क्यांचा येईल, आणि चोरी तेवढीच राहील.

शब्द बदलण्याच्या या हौसेतून काय निपजतं याचा नमुना २०२१ मध्ये फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे ठेवला. छापून आलेल्या पेपरांमध्ये ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बुझम पेरिल’ झालं होतं, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’. आपल्याकडे कुणी ‘द्राक्षबाग’चं ‘आंबटगोड उद्यान’ करावं, तसं. हे चॅटजीपीटी येण्याआधीचं. आताची यंत्रं इतकी बावळट नाहीत, पण हेतू तोच असेल तर फरक काय पडला?

‘मराठीत सांगा, इंग्रजीचं तो बघतो’

हा मुद्दा मला अर्धा पटतो. जत-आटपाडीकडून आलेल्या पोरानं चांगलं काम करावं आणि आर्टिकल-प्रिपोझिशनमध्ये मार खावा, हे मी वीस वर्षं पाहतोय. लिहून झालेल्या इंग्रजीवरून यंत्राचा हात फिरवायला माझी हरकत नाही.

उरलेला अर्धा पेवातच अडकतो. पेवाच्या आत हवा खेळत नाही म्हणून हळदीला कीड लागत नाही. पेवांवर काम करणाऱ्या माझ्या पोरानं मराठीत लिहिलेला परिच्छेद यंत्राला दिला. पहिल्या खेपेला इंग्रजीत पेवाचं ‘प्रोलिफरेशन’, म्हणजे बेसुमार वाढ, झालं. यंत्राला ‘पेव फुटणे’ ठाऊक असावं, पेव नाही. दुरुस्त करायला सांगितल्यावर ‘वेअरहाउस’ आलं. इंग्रजी गुळगुळीत, व्याकरण बिनचूक. आणि त्याचा अख्खा विषय काय, तर पेव आणि गोदाम यांतल्या साठवणुकीची तुलना! दोन्हीकडे ‘वेअरहाउस’ आल्यावर तुलना कशाशी करणार? चार पानं तशीच पुढं गेली होती. त्याला ते खटकलं नाही, कारण वाक्यं त्याची नव्हती. ‘पेव’ हा शब्द इंग्रजीत तसाच ठेवून पहिल्या वापरात दोन ओळींत समजावायचा, हे त्यानं स्वतः झगडून लिहिलं असतं तर पहिल्या पानावरच सुचलं असतं.

‘पकडता येत नाही, म्हणून सांगू नका’

पकडणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मेसेज खरं बोलतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध अशा साधनांना दिले, तर निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरवले गेले. निबंध माणसांचेच होते. साधं, ठरावीक शब्दांचं इंग्रजी लिहिणारा आपला विद्यार्थी यात हकनाक सापडतो. म्हणून माझ्याकडे नियम आहे: प्रत्येक मसुदा तारखेसह जपायचा, वहीतली टिपणं फेकायची नाहीत. उद्या कुणी बोट दाखवलं तर तोच पुरावा.

न सांगण्याचं म्हणाल, तर नियतकालिकांच्या नीतिमत्तेची दिशा ठरवणाऱ्या ‘कोप’ या संस्थेनं २०२३ मध्येच भूमिका मांडली: एआय लेखक होऊ शकत नाही, कारण त्याला जबाबदारी घेता येत नाही, आणि वापर केला असेल तर कुठं आणि कसा ते पेपरात लिहायचं. दोन ओळींचं काम आहे. आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक ‘हे प्रकरण तीनमधलं वाक्य जरा उलगडून सांगा’ म्हणतात, तेव्हा कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही.

‘रेकॉर्डिंग टाका, निष्कर्ष तयार’

हे मात्र वाचून मी फोनच उचलला. त्या पोराकडे हमालांच्या, पेव भरणाऱ्यांच्या मुलाखती आहेत. नावं, मोबाइल नंबर, कुणाकडून किती उचल घेतली, सगळं त्यात. ‘फक्त अभ्यासासाठी’ असं सांगून त्यानं त्यांची सही घेतली आहे. ते रेकॉर्डिंग कुठल्या तरी फुकट साइटवर चढवायला त्यांनी कधी होकार दिला? तो चढवणारच होता. थांबवलं.

मग अकरा दिवस कानाला हेडफोन लावून त्यानं स्वतः टाइप केलं, अधूनमधून माझ्या नावानं बोटं मोडत. सातव्या मुलाखतीत एका म्हाताऱ्यानं मध्येच विषय सोडून सांगितलंय की, पेव उघडल्यावर लगेच उतरत नाहीत, आधी पेटता कंदील सोडून बघतात. प्रश्नावलीत हे कुठंच नव्हतं. त्यानं ते तीनदा ऐकलं, आणि संध्याकाळी मला फोन करून विचारलं, ‘सर, यावर वेगळं प्रकरण होईल का?’