पेपेला नुसतं ‘कसाई’ म्हणून मोकळं होऊ नका

फुटबॉलच्या गप्पांत पेपेचं नाव निघालं की कुणीतरी २००९ चा हेताफेविरुद्धचा तो व्हिडिओ टाकतंच. रेआल माद्रिदकडून खेळणाऱ्या, पोर्तुगालच्या या डिफेंडरनं हेताफेच्या कास्केरोला पाडलं, पेनल्टी दिली गेली, आणि त्यानंतर पडलेल्या माणसाला त्यानं लाथा घातल्या. दहा सामन्यांची बंदी आली, ती योग्यच होती. त्यानं माफी मागितली, तरी त्या लाथांची बाजू मी कधीच घेणार नाही. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये खाली बसलेल्या जर्मनीच्या म्युलरच्या डोक्याला डोकं भिडवून ३७व्या मिनिटाला रेड कार्ड घेतलं, तेही तसंच. आधीच दोन गोल खाल्लेला पोर्तुगालचा संघ दहा जणांवर आला आणि ४-० हरला.

पण एवढं सांगून जे थांबतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

जन्म ब्राझीलमधल्या मासेयोचा. अठराव्या वर्षी घर सोडून पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या मारितिमो क्लबात आला. मग पोर्तो, आणि २००७ मध्ये तीन कोटी युरोंना रेआल माद्रिद. त्याच वर्षी पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं. माद्रिदसोबत तीन चॅम्पियन्स लीग जिंकला. ‘बाहेरून आलेला’ हा माणूस पोर्तुगालसाठी १४१ सामने खेळला. तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या पुढे फक्त रोनाल्डो आणि मोतिन्यो होते.

१० जुलै २०१६, पॅरिस, युरो कपची फायनल. पेपे दुखापतीमुळे सेमीफायनलला बाहेर बसला होता. पंचविसाव्या मिनिटाला रोनाल्डो रडत स्ट्रेचरवरून गेला. समोर यजमान फ्रान्स, अख्खं स्टेडियम त्यांच्या बाजूनं. पेपे मात्र उडी मारून बॉल काढतोय, शरीर मध्ये घालतोय. नव्वद मिनिटं उलटल्यावर फ्रान्सच्या जिन्याकनं त्यालाच चकवून शॉट मारला आणि बॉल खांबाला लागून परत आला. तेवढी एकच चूक. १०९व्या मिनिटाला एदेरनं गोल केला, कप पोर्तुगालकडे गेला, आणि सामनावीर ठरला पेपे. गोल न करणाऱ्या डिफेंडरला फायनलचा सामनावीर ठरवलेलं किती वेळा पाहिलंय तुम्ही?

तरुणपणी तो पायांच्या वेगावर विसंबून पुढे झेपावायचा, चुकलं तर धावत जाऊन सावरायचा. वय वाढलं तसा बॉल कुठे येणार हे आधी ओळखून तिथे उभा राहायला लागला. हे शिकणं मला ट्रॉफ्यांपेक्षा मोठं वाटतं. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध त्यानं हेडरनं गोल केला तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. वर्ल्ड कपच्या बाद फेरीत एवढ्या वयात कुणीच गोल केला नव्हता.

२०२४ च्या युरोमध्ये स्लोव्हेनियाविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये बॉल त्याच्याकडून निसटला आणि शेश्को एकटाच गोलीसमोर पोचला. दियोगो कोस्तानं तो अडवला म्हणून बरं. नाहीतर त्या एका चुकीनं पोर्तुगालची स्पर्धा तिथेच संपली असती. चार दिवसांनी हॅम्बुर्गला समोर फ्रान्स. मार्कुस तुराम, वयानं चौदा वर्षांनी लहान, बॉलमागे सुसाट धावला. एकेचाळीस वर्षांचा पेपे खांद्याला खांदा लावून धावला आणि त्याला पुढे जाऊ दिलं नाही. मी खुर्चीवरून उठून ओरडलो होतो.

१२० मिनिटं फ्रान्सला एकही गोल मिळाला नाही. पोर्तुगाल पेनल्टींवर हरलं. पेपे रोनाल्डोच्या गळ्यात पडून रडला. तो त्याचा शेवटचा सामना ठरला.