शिवराई लिंबू-मिठाने घासू नका!

जुन्या बाजारात मिळालेली शिवराई (शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं) लिंबू-मिठाने घासून 'नव्यासारखी चकचकीत' करण्याचा सल्ला तुमच्या लेखात दिलाय, तो कृपा करून काढून टाका. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, तोच खालच्या धातूला जपतो. आंबटाने तो जातो आणि अक्षरांच्या कडाही झिजतात. शिवाय मिठाचा अंश नाण्याच्या बारीक खड्ड्यांत राहतो आणि पावसाळी दमट हवेत तिथूनच फिकट हिरवी भुकटी सुटायला लागते. आमच्या मामांच्या देव्हाऱ्यातली शिवराई दर सणाला चिंचेने घासली जायची. आज तिच्यावरचं 'श्री राजा शिव' बोटालासुद्धा लागत नाही, मागच्या 'छत्रपति'मधला फक्त 'छ' तिरप्या उजेडात कसाबसा दिसतो. फार वाईट वाटतं हो ते बघून.

नाण्यावरची पुसट अक्षरंही किती मोलाची असतात बघा: नाशिकजवळच्या जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची हजारो चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. खालचा नहपानाचा पुसट ठसा वाचता आला म्हणून तर कोणी कोणाला हरवलं याचा धडधडीत पुरावा हाती आला! तेव्हा नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, माती मऊ ब्रशने अलगद काढा, पूर्ण वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात नको, त्याने नाण्यावर चिकट हिरवट थर येतो. आणि जमिनीत पुरलेलं मौल्यवान काही सापडलं, तर गुप्तधनाबद्दलच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं, हेही लेखात यायलाच हवं होतं.