आमच्या आळीला हिस्ट्री नाही म्हणे

सकाळपासून डोकं सणकलंय. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी आपल्या बंदर आळीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "ही वाकडीतिकडी गल्ली पाडून सरळ रुंद रस्ता करा, सेक्टरचा लुक बिघडतो, तसंही तिथे हिस्ट्री वगैरे काही नाही." वर ढीगभर अंगठे.

हिस्ट्री नाही? सेक्टर कधीचा रे तुझा? नवी मुंबई आणि तिचे हे सेक्टर वसवणारी सिडको १७ मार्च १९७० ची. वाशीचा खाडीपूल १९७३ चा, आणि वाशीला लोकल आली १९९२ ला. पूल नव्हता तेव्हा इथला माणूस मुंबईला होडीनं जायचा आणि होडीपर्यंत याच आळीतून चालत जायचा. भात, पेंढा, मीठ, म्हावरं म्हणजे मासे, सगळं इथूनच बंदरावर. आळी वाकडी आहे कारण ती आधी विहिरीला वळसा घालते, मग गावदेवीपाशी वळते आणि पुढे उधाणाचं पाणी पोचत नाही अशा उंचवट्यावरून खाडीकडे उतरते. कुठे पाणी भरतं हे ठाऊक असलेल्या लोकांची वाट आहे ती.

२६ जुलै २००५ ची रात्र ज्यांनी बघितलीय त्यांना हे सांगावं लागत नाही. सेक्टरातल्या तळमजल्यांत कमरेएवढं पाणी, लाईट गेलेली, नाला आणि भरती एकत्र, आणि लोक पोरं खांद्यावर घेऊन कुठे आले? याच गल्लीत. आजी ओट्यावर कंदील घेऊन उभी होती, "पानी आपले आलीन नाय येवाचा, सगल्यांना वरती घे," असं काकाला ओरडून सांगत होती. आणि नाहीच आलं पाणी.

येणार कसं, गाव बसवणाऱ्यांनी जागा बघून बसवलं होतं. भोवती सगळी खार जमीन, बांध घातलेली, बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची झडप. ओहोटीला उघडायची, भरतीला बंद. आज सेक्टरांतल्या धारण तलावांना, म्हणजे पावसाचं पाणी साठवून धरणाऱ्या तळ्यांना, झडपा आहेत ना, त्यांचं काम तेच. तुमचे टॉवर ज्या जमिनीवर उभे आहेत तिथे आमचं भात होतं, आणि समुद्रसपाटीचा हिशोब आमच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या आजोबांना तोंडपाठ होता.

हां, आळीत अग्निशमनची गाडी शिरत नाही, हे खरंय. आणि भाड्याच्या मोहापायी आपल्याच काही लोकांनी मजल्यावर मजले चढवलेत, तेही खरंय, मला ते आवडत नाही. पण शेती गेली, कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द मात्र जुन्या मोजणीतच अडकून राहिली, मग पोरांनी घरं बांधायची कुठे, हवेत? गरजेपोटी बांधलेली घरं म्हणतात ती हीच. दिवा, ऐरोली, गोठिवली, घणसोली, जुहूगाव, सानपाडा, शिरवणे, करावे, दारावे, कुठेही जा, तीच गोष्ट. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाट्याच्या पट्ट्यात सिडकोनं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी आपले नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिलेले ५ शेतकरी गोळीबारात गेले, त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, आणि हे म्हणतात हिस्ट्री नाही!

मी स्वतः सेक्टरात राहतो, लिफ्ट, पार्किंग, चोवीस तास पाणी, सगळं वापरतो. पण हळद लागली की अजूनही आळीतच जावंसं वाटतं. आता डीजे असतो, पण आमच्या लहानपणी लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण बसायची आणि ती धवला, म्हणजे ती गाणी, म्हणायला लागली की दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बायका, मधल्या चिंचोळ्या जागेत आम्ही पोरं. रुंद रस्त्याला ओटे नसतात हो. समोरासमोर बसून बोलायला तेवढंच अंतर लागतं.

२६ जुलैच्या त्या रात्री पण ओट्यांवरच झोपले होते लोक, घरात जागा उरली नव्हती म्हणून. आजीनं चुलीवर सुकट आणि भात टाकला, आणि एक बाई मासे खात नाही कळल्यावर वेगळ्या टोपात डाळ शिजवली, त्या पावसात ओली लाकडं फुंकत. कुणी कुणाला सेक्टर विचारला नाही. आजी गेली आता, पण त्या बाई नंतर कितीतरी वर्षं दिवाळीला फराळ घेऊन यायच्या. अशा माणसांवर माझा राग नाहीच. राग आहे तो फोटो टाकून मोकळं होणाऱ्यांवर, ज्यांना आळी कुठून सुरू होते हेही माहीत नाही.

बरं, आता कामाचं. रुंदीकरणावर येत्या रविवारी संध्याकाळी गावदेवीच्या देवळात बैठक आहे. नुसत्या शिव्या देऊन काही होत नाही, कागद लागतात. ज्यांच्याकडे १९७० च्या आधीचे सातबारे, घरपट्टीच्या पावत्या, बंदराचे, विहिरीचे, लग्नाच्या वराती आळीतून निघतानाचे फोटो असतील त्यांनी मला पाठवा, मोबाईलवर काढलेले पण चालतील, फक्त कुठल्या साली आणि कुणाच्या दारात ते लिहा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन या, रिक्षा देवळापर्यंत येते.

आणि सेक्टरवाले मित्रहो, तुम्ही पण या.